दात कुणाचे

दादा: बाही वर दुमड. व्रण दिसला पाहिजे न्यायाधीशांना.

भिंगरी: आज व्रण दाखवायचा नाहीये, दादा.

दादा: मग काय दाखवायचंय, हसरा चेहरा? दुकानाला कुलूप घालून, अंधारात गाडी काढून आलोय मी. त्या म्हाताऱ्याची रग जिरवायची म्हणून. त्याच्या कुत्र्यानं तुझं मनगट फाडलं आणि तू लग्नाला निघाल्यासारखी लांब बाह्यांचा कुडता घालून बसलीयस.

भिंगरी: चहा घे आधी. गार होतोय.

दादा: चहाचं राहू दे. वकील काय म्हणाले ते सांग.

भिंगरी: कुठले वकील?

दादा: कुठले म्हणजे? मी लावून दिलेले.

भिंगरी: त्यांचं काम झालं. केव्हाच झालं.

दादा: झालं म्हणजे?

भिंगरी: तू बैस बघू. उभ्या उभ्या ऐकण्यातलं नाहीये. बैस ना. हां. मास्तरांवरची आपली केस पहिल्याच तारखेला मिटली.

दादा: आणि मग दर फोनला 'केस चालू आहे, केस चालू आहे' म्हणत होतीस, ती कोणाची?

भिंगरी: केस चालूच आहे. ती वेगळी. खोटं नाही बोलले मी.

दादा: लहानपणापासूनची खोड तुझी. बोलायचं खरंच, पण अर्धंच. मला न विचारता मिटवलंस?

भिंगरी: विचारलं असतं तर तू आला असतास.

दादा: आलोच असतो.

भिंगरी: म्हणून नाही विचारलं.

दादा: भिंगरे, मी तुझा मोठा भाऊ आहे की पाहुणा? घरोघर हिंडून लोकांच्या विजेची मीटरं वाचतेस तू. हातावर पोट आहे तुझं, आणि त्याच हाताला चावलं. बोटं अजून नीट मिटत नाहीत. त्या मास्तरनं काय गोड बोलून गुंडाळलं तुला?

भिंगरी: गोड? मास्तर आणि गोड? आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली त्यांनी. 'या, बसा' म्हणतानासुद्धा 'सावधान, विश्राम' म्हटल्यासारखं वाटतं.

दादा: मग मिटलं कसं?

भिंगरी: ऐकशील का मधे न बोलता?

दादा: बोलतो कुठे मी.

भिंगरी: त्या दिवशी त्यांचा वकील आधी उभा राहिला. पोरगेलासा, पण तयार. म्हणाला, फाटकावर पाटी होती, 'कुत्र्यापासून सावध राहा'. या बाईंनी पाटी वाचली नाही, बेल वाजवली नाही, थेट आत शिरल्या, कुत्र्याला डिवचलं. घराची राखण करणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे.

दादा: बघ. हेच मी म्हणत होतो, हे असं उलटवणार.

भिंगरी: मधे बोललास. मला तर रडूच फुटायला लागलं. आपले वकील उठणार, तेवढ्यात मास्तरच उभे राहिले. म्हणाले, साहेब, पाटी आहे, पण ती बोगनवेलीच्या आड गेलीय. मलाच दिसत नाही, तर यांना काय दिसणार. बेल त्यांनी वाजवली. 'या आत' मी म्हणालो. कुत्रं मी बांधलं नव्हतं. त्यांनी डिवचलं नाही, मीटर जिन्याखाली आहे, तिथं वाकल्या फक्त.

दादा: स्वतःच्याच वकिलाविरुद्ध बोलला?

भिंगरी: वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. न्यायाधीशांनी विचारलं, आपण काय कबूल करताय ते कळतंय ना? तर मास्तर म्हणाले, कळतंय. कुत्रं माझं, म्हणजे दातही माझेच.

दादा: हं.

भिंगरी: दवाखान्याचा सगळा खर्च, बुडालेला पगार, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. वर स्वतःहून म्हणाले, कुत्र्याला तोंडाची जाळी लावल्याशिवाय बाहेर आणायचं नाही असा हुकूमही द्या. म्हणजे उद्या माझं मन बदललं तरी हुकूम बदलणार नाही.

दादा: माणूस सरळ दिसतोय. पण सरळ माणसाचं कुत्रं चावलं म्हणून कमी दुखतं असं नाही.

भिंगरी: नाहीच दुखत कमी. पहिल्या दिवशी मी दवाखान्यातच ओरडून सांगितलं होतं त्यांना, मारून टाका त्याला. तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत उभे. मग म्हणाले, कोर्टानं सांगितलं तर तेही करीन. पण आधी तो का चावला हे मला कळलं पाहिजे, आणि तुम्हालाही. नंतर प्रत्येक इंजेक्शनला तेच स्कूटरवरून घेऊन गेले मला. मागे बसून मी मुसमुसायची. ते पुढे बघून गाडी चालवायचे. एकदाही 'रडू नका' म्हणाले नाहीत.

दादा: मला कळवायचंस की. मी आलो असतो न्यायला.

भिंगरी: वहिनीचे दिवस भरत आले होते तेव्हा. उगाच कशाला. आता ऐक. कुत्र्याचं नाव सुभेदार. उंच, केसाळ, परदेशी जातीचा. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे फोटो काढले आतून. मागच्या पायाच्या खुब्यात सांधा नीट बसलेलाच नाही. जन्मापासून. उठताना कळ, बसताना कळ. मी वाकले आणि माझी पिशवी नेमकी त्याच खुब्यावर आदळली.

दादा: म्हणून काय, दुखतंय म्हणून दिसेल त्याला फाडायचं?

भिंगरी: मी पण हेच विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले, पिल्लू आईपाशी, भावंडांत दोन महिने राहिलं की आपोआप शिकतं. मस्तीत जोरात चावलं की भावंडं किंचाळतात, खेळ मोडतात. मग त्याला कळतं, कुठवर दात लावायचे. सुभेदाराला डोळे उघडल्या उघडल्या उचललं आईपासून. त्याला ते शिकवायला कुणी नव्हतंच. आणि सांध्याचं म्हणशील तर भाऊ-बहिणीचीच पिल्लं काढतात तिथं.

दादा: तिथं म्हणजे कुठं?

भिंगरी: आज ज्याच्यावर तारीख आहे त्याच्या शेडमध्ये. मास्तरांनीच घातलीय ती केस, मी साक्षीदार. मास्तरांची बायको गेल्यावर घर खायला उठलं त्यांना. फोनवर जाहिरात बघितली. हिरवळ, त्यावर वेताची टोपली, टोपलीत गोंडस पिल्लं. म्हणाले, आम्ही येतो बघायला. तर उत्तर आलं, कशाला त्रास, आम्हीच पोचवतो. हमरस्त्यावरच्या हॉटेलाच्या आवारात एक माणूस पुठ्ठ्याचं खोकं हातात देऊन निघून गेला. वर छान कागद, 'पिल्लू निरोगी, दोन महिन्यांचं'.

दादा: खोक्यात माल म्हणजे बिनबिलाचाच. आमच्या धंद्यातही असले असतात, जुन्या टायरला रंग फासून नवा म्हणून विकणारे.

भिंगरी: तेच. सांध्याचे फोटो बघून मास्तरांनी त्या विकणाऱ्याला फोन केला. म्हणाले, तुमच्या पिल्लाच्या सांध्यात जन्माचा दोष आहे. तो म्हणतो कसा, आणून द्या, दुसरं बदलून देतो.

दादा: चोर असला तरी माल बदलून देतो म्हणायचा.

भिंगरी: मास्तरांनी विचारलं, परत आणलेल्याचं तुम्ही काय करता?

दादा: मग?

भिंगरी: त्यानं फोन ठेवला. घे आता चहा.

दादा: बरं, समजा तो हलकट आहे. पण मला एक सांग, यात तू कोण? मास्तरनं त्याच्यावर केस घातली, त्याचं तो बघेल. जिला चावलं तीच बाई कुत्रेवाल्याच्या बाजूनं साक्ष देणार? लोक म्हणतील, हिला कुत्रं हाताला नाही, डोक्याला चावलं.

भिंगरी: गेल्या वर्षी तुझ्याकडे तो ट्रकवाला आला होता आठवतं? टायर फुटला, गाडी भिंतीत घुसली. भिंतवाला म्हणाला भरून दे, आणि हा तुझ्याकडे आला भांडायला. तेव्हा तू काय म्हणालास?

दादा: म्हणालो, भिंत तू भरून दे, गाडी तुझी होती. आणि टायर सदोष निघाला तर कंपनीला सोडू नको, मी येतो साक्षीला.

भिंगरी: मग मी वेगळं काय करतेय?

दादा: टायर चावत नाही, भिंगरे.

भिंगरी: मी शेड बघितलीय, दादा. म्हणून मी साक्षीला.

दादा: तू? कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारी तू?

भिंगरी: मास्तर एकटेच निघाले होते. म्हातारा एकटा माणूस पिल्लू बघायला आला की तो पुन्हा म्हणणार, घरपोच देतो. मीच म्हटलं, मी मुलगी म्हणून येते. 'लेकीला स्वतः निवडायचंय' म्हणून हट्ट धरू. ते नको म्हणत होते. दोनदा नको म्हणाले. पण मला बघायचं होतं रे. ज्यानं मला चावलं ते कुठून आलं, हे माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. बँडेजवर ओढणी गुंडाळली आणि गेले.

दादा: काय होतं तिथं?

भिंगरी: पुढची खोली झकास. गालिचा, अत्तराचा वास, टोपल्यांत रिबिनी बांधलेली पिल्लं. मी म्हटलं, आई दाखवा ना यांची. तर म्हणे, आई बागेत फिरायला गेलीय. मास्तरांनी त्याला जातीबितीच्या गप्पांत गुंतवलं, आणि मी मोरीकडे जाते म्हणून मागचं दार उघडलं. डोळे झोंबले माझे. जुनी कोंबड्यांची शेड. तेच पिंजरे, एकावर एक. खाली फळी नाही, नुसती तार. तारेत पंजे फाकून बसलेल्या कुत्र्या. वरचीची घाण खालचीच्या अंगावर. आणि कुणी भुंकत नव्हतं, दादा. मला भुंकण्याची भीती वाटते ना? तिथं ते न भुंकणंच जास्त भीतीचं वाटलं.

दादा: परत फिरायचंस.

भिंगरी: फोटो काढायचे होते. कडेचा एक पिंजरा उघडाच होता. त्यातली उतरली खाली. आचळं जमिनीला टेकलेली. उतरली आणि उभीच राहिली. एक पाय उचलायची, परत ठेवायची, दुसरा उचलायची. तापल्या तव्यावर उभी असल्यासारखी. मला कळेना, हिला झालंय काय. मग कळलं, तिनं माती कधी पायाखाली घेतलीच नव्हती.

दादा: मारून टाकायला हवं असल्या माणसाला.

भिंगरी: नको. मास्तर म्हणतात, त्याला मारायचं नाही, त्याचा धंदा बंद करायचा.

दादा: बाईसाहेब, तुम्हाला हात लावून बघायची हौस नाही ना आली तिथं?

भिंगरी: तीच जवळ आली. माझं बँडेज हुंगत राहिली कितीतरी वेळ. मी हलले नाही. भीती गेली असं नाही. पण हललेही नाही.

दादा: चल. उठ. गाडी मी काढतो.

भिंगरी: तू आत येऊन बसणार असशील तर गप्प बसायचं.

दादा: बसेन. तुझ्या त्या मास्तराला मला एकदा बघू दे. नुसतं बघू दे.

(दुपार. कोर्टाच्या फाटकाबाहेर चहाचा ठेला, त्यापुढे एक बाकडं. मास्तर अजून आत सह्या करताहेत.)

दादा: धर कप. डाव्या हातानं धर, गरम आहे. काय साक्ष दिलीस गं. तो वकील म्हणाला, तुम्ही कुत्र्यांना इतक्या भिता, तर घाबरलेल्या माणसाला एवढं बारीक कसं दिसलं? आणि तू म्हणालीस...

भिंगरी: भीती वाटते म्हणूनच नीट बघितलं.

दादा: न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं तुझ्याकडे. माझ्या शेजारच्याला म्हटलं मी, बहीण आहे माझी.

भिंगरी: गप्प बसायचं ठरलं होतं.

दादा: हळू म्हटलं.

भिंगरी: पण मला नीट सांग काय झालं. मास्तरांची साक्ष चालू होती तेव्हा साक्षीदार म्हणून मला बाहेर बसवलं. आत येऊन साक्ष दिली आणि मग नुसता निकाल ऐकला. शेड बंद, विक्री बंद, सगळ्या कुत्र्या जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या ताब्यात. ते ऐकून मला इतकं भरून आलं, की पुढचं नीट कळलंच नाही. मास्तरांची भरपाई नामंजूर असं काहीतरी म्हणाले ना? का? आतल्या फोटोंपासून सगळे कागद तर होते.

दादा: कागद होते. माणूसच आडवा आला.

भिंगरी: कोण?

दादा: तुझा मास्तर. आधी मला एक सांग, तुला चावण्याआधी तो कुत्रा गुरगुरला होता?

भिंगरी: नाही. एवढासासुद्धा आवाज नाही. म्हणून तर हात मागे घेता आला नाही.

दादा: हां. त्या पिल्लंवाल्याचा वकील पक्का बनेल. तो म्हणाला, तुम्ही आधीच्या केसमध्ये 'दात माझे' असं कबूल केलंत. आता दात आमच्यावर कसे ढकलता? मास्तर म्हणाले, दोन्ही खरं आहे. मी बांधलं नाही हे माझं. यांनी आजारी, अर्धवट पिल्लू निरोगी म्हणून विकलं हे यांचं. माझं मी भरलं, यांचं यांनी भरावं. बोलती बंद केली त्याची. मग त्यानं शेवटचा खडा टाकला, कुत्र्याला तुम्ही कधी मारलंत का? आता तूच सांग, काय उत्तर यायचं याचं?

भिंगरी: नाही. मास्तरांनी कधी हात उगारला नाही सुभेदारावर. सगळी गल्ली सांगेल.

दादा: 'नाही' एवढंच म्हणून खाली बसता आलं असतं. खरंच होतं ते. त्यांचा वकीलही डोळ्यांनी खुणावत होता, बसा, बसा. ते नाही बसले. म्हणाले, मारलं नाही, पण एक केलं. लहान होता तेव्हा कुणी पाठीला, पायाला हात लावला की गुरगुरायचा. मला वाटायचं, उद्धटपणा आहे. जन्मभर मुलांना रांगेत गप्प उभं करत आलो. गप्प म्हणजे शिस्त, एवढंच मला माहीत. गुरगुरला की मी दरडावायचो. महिनाभरात त्यानं गुरगुरणं सोडलं. मी चारचौघांत मिरवलं ते. दुखतंय हे सांगायची त्याची तेवढी एकच भाषा होती, ती मी बंद केली.

भिंगरी: हे मला माहीत नव्हतं.

दादा: कुणालाच नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी. त्यांच्या वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीश म्हणाले, मग कुत्रं इशारा न देता चावलं यात तुमचाही हात येतो, भरपाई देता येणार नाही. मास्तर म्हणाले, बरोबर आहे. 'बरोबर आहे' म्हणाले गं. मी आजवर कोर्टात हरलेली पुष्कळ माणसं बघितली, पण हरताना निकाल तपासून बरोबरची खूण करणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

भिंगरी: ते आले बघ. पायऱ्या उतरताहेत. काही वेडंवाकडं बोलू नकोस.

दादा: मी कशाला बोलू. मास्तर, या. इकडे सावलीला बसा. मी हिचा भाऊ.

मास्तर: ओळखलं. मागच्या बाकावर बसला होतात आपण. एकदा बोललात.

दादा: हळू बोललो होतो.

मास्तर: आवाज पोचला. ताई, साक्ष उत्तम झाली. स्पष्ट, थोडक्यात. हात कसा आहे?

भिंगरी: ठीक आहे. मास्तर, तुमची भरपाई गेली ना हो.

मास्तर: ती अर्जात वकिलांनी घातली होती. मला शेड बंद हवी होती. झाली. दवाखान्याची गाडी निघालीसुद्धा तिकडे. तुम्ही पाहिलेली ती तांबूस, उजव्या कडेची, तिला आधी उतरवायला सांगितलंय.

दादा: मास्तर, मी आज आपल्याला चार शब्द सुनवायला आलो होतो. खोटं कशाला बोलू.

मास्तर: सुनवा. आपला हक्क आहे. बहीण आहे आपली.

दादा: आता सुचत नाहीत. चहा घेता का?

मास्तर: घेईन. साखर कमी.

दादा: अहो, एक कमी साखरेचा द्या. आणि मास्तर, त्या कुत्र्यांना दवाखान्यात ठेवणार कुठे? जागा असते का एवढी?

मास्तर: नसते. घरं शोधावी लागतील. सोपं नाही. त्या फार काळजीनं सांभाळाव्या लागतील. हौस म्हणून कुणाला द्यायच्या नाहीत. आधी माणूस बघायचा, मगच कुत्री.

भिंगरी: तो पिल्लंवाला गप्प बसेल का? दुसऱ्या गावी दुसरी शेड उघडेल.

मास्तर: उघडेल कदाचित. मग पुन्हा जाऊ. त्याचं गिऱ्हाईक आपल्यासारखंच, फोटोवर भाळणारं. मी शाळांत जाऊन सांगायला सुरुवात केलीय. आई दाखवा म्हणा, आई दाखवली नाही तर परत फिरा. मुलं घरी जाऊन आईबापांना ऐकवतात. मोठ्यांपेक्षा त्यांच्या लक्षात राहतं.

दादा: आमच्या गावच्या शाळेत याल का? नेण्या-आणण्याचं मी बघतो.

मास्तर: येईन. पण सुभेदाराला घेऊन येणार नाही. त्याला गर्दी सोसत नाही, आणि मला लोकांचा भरवसा देता येत नाही.

दादा: एक विचारू? राग मानू नका.

मास्तर: विचारा.

दादा: तो आता गुरगुरतो का?

मास्तर: बरेच दिवस नाही. औषधं चालू झाली, जरा सुखानं उठायला लागला, तरी तोंडातून आवाज नाही. मी वाट बघत होतो. परवा सकाळी त्याच्या मागच्या पायाला मलम चोळत होतो, जरा जोर जास्त झाला असेल. मान वळवली आणि माझ्यावर गुरगुरला.

भिंगरी: मग तुम्ही काय केलंत?

मास्तर: हात काढून घेतला. आणि म्हटलं, शाबास.